पनामाचा सोनेरी बेडूक आणि त्याचा बहुरंगी सोयरा : दोन जातींच्या ऱ्हासाचा तुलनात्मक इतिहास

१

एखाद्या प्राणिजातीचा इतिहास लिहावयाचा म्हणजे वस्तुतः दोन इतिहास लिहावयाचे असतात. पहिला त्या प्राण्याचा स्वतःचा. दुसरा, माणसाला त्याच्याविषयी क्रमाक्रमाने झालेल्या ज्ञानाचा. पहिला लाखो वर्षांचा असतो, दुसरा बहुधा शेदीडशे वर्षांचा. सामान्यतः हे दोन इतिहास एकमेकांना फारसे न छेदता चालतात. मध्य अमेरिकेतील ॲटेलोपस या प्रजातीच्या दोन जातींच्या बाबतीत मात्र त्यांची गाठ पडली. १९८७ पासून पुढील सुमारे वीस वर्षांत या जातींचा ऱ्हास इतक्या झपाट्याने झाला की, त्याचे कारण शोधून काढण्याचे काम आणि तो थोपविण्याचे काम अभ्यासकांना एकाच वेळी करावे लागले. किंबहुना कारण कळले तेव्हा अर्धेअधिक नुकसान होऊन गेले होते.

यांपैकी एक ॲटेलोपस व्हेरियस. ही जात कोस्टा रिकाच्या दोन्ही उतारांवर व पश्चिम पनामात पसरलेली होती. दुसरी ॲटेलोपस झेटेकी, म्हणजेच पनामाचा राष्ट्रीय मानबिंदू ठरलेला सोनेरी बेडूक. हिचे क्षेत्र पनामाच्या कोक्ले व पनामा या प्रांतांतील डोंगराळ भागापुरते मर्यादित होते. दोन्ही जातींची गणना आज आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ या एकाच वर्गात केली जाते. परंतु एकाच वर्गनामाखाली येथे दोन अगदी भिन्न अवस्था झाकल्या गेल्या आहेत. एक जात रानात तुरळकपणे का होईना टिकून आहे. दुसरीची २००९ नंतर रानातील खात्रीची नोंद नाही, आणि ती मुख्यतः काचेच्या पेट्यांतून जगते आहे. दोन निकटच्या सोयऱ्यांवर एकच आपत्ती कोसळली असता त्यांची गती अशी वेगळी का झाली, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

२

ॲटेलोपस ही प्रजाती द्युमेरील व बिब्राँ या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञांनी १८४१ मध्ये स्थापन केली. तीत आज सुमारे शंभर जाती मोडतात. लोकभाषेत त्यांना बेडूक म्हटले जात असले, तरी शास्त्रीय दृष्ट्या त्या भेकांच्या कुलातील आहेत. दक्षिण व मध्य अमेरिकेतील डोंगराळ ओढ्यांच्या काठी राहणारे, दिवसा वावरणारे, सडपातळ बांध्याचे आणि भडक रंगांचे असे हे प्राणी आहेत. त्यांच्या रंगीबेरंगी अंगामुळेच युरोपीय भाषांतून त्यांना विदूषकाच्या चिटाच्या अंगरख्यावरून नाव पडले.

व्हेरियस या जातीचे वर्णन १८५६ मध्ये बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयातील नमुन्यांच्या नामसूचीत प्रथम प्रसिद्ध झाले. लिख्टेनश्टाइन व फॉन मार्टेन्स हे त्या सूचीचे कर्ते. मूळ नमुन्यांचे स्थान ‘व्हेराग्वा’ असे मोघम दिलेले आहे. त्या काळी या नावाखाली पश्चिम पनामाचा बराच मोठा मुलूख येत असे. ‘व्हेरियस’ या विशेषणाचा अर्थ विविध, नानारूप असा आहे, आणि तो सर्वथा सार्थ होता. काळ्या अंगावर पिवळे, नारिंगी, तांबडे वा हिरवे पट्टे व ठिपके असे तिचे असंख्य नमुने पुढे ओढ्या-ओढ्यांतून मिळत गेले. एका खोऱ्यातील बेडूक शेजारच्या खोऱ्यातील बेडकासारखा दिसेलच, याची शाश्वती नसे.

या विविधतेतच दुसऱ्या जातीच्या नावाचा वाद दडलेला होता. १९३३ मध्ये एमेट रीड डन या अमेरिकन सरीसृपविज्ञाने एल व्हाये दे आंतोन या गावाच्या परिसरातील उभयचर व सरपटणाऱ्या प्राण्यांविषयी एक लेख प्रसिद्ध केला. हे गाव एका प्राचीन ज्वालामुखीच्या कुंडात वसलेले आहे. तेथील बेडूक जवळजवळ निखळ सोनेरी होते. काही अंगावर तुरळक काळे डाग, तर काही अगदी निष्कलंक. डनने त्यांना व्हेरियसची उपजाती मानले व जेम्स झेटेक यांचे नाव दिले. झेटेक हे मूळचे कीटकविज्ञ. १९११ मध्ये ते पनामा कालव्याच्या प्रदेशात हिवतापाच्या डासांचा अभ्यास करावयास आले, आणि १९२३ मध्ये संरक्षित घोषित झालेल्या बार्रो कोलोरादो बेटावरील संशोधनकेंद्राची व्यवस्था त्यांनी दीर्घकाळ पाहिली. डासांच्या अभ्यासकाचे नाव बेडकाला मिळावे, यातील योगायोगाचा अर्थ किती खोल होता, हे जवळजवळ नव्वद वर्षांनी दिसून यावयाचे होते.

डननंतर चार दशके झेटेकी ही उपजातीच राहिली. १९७२ मध्ये जे सॅव्हेज यांनी कोस्टा रिका व पश्चिम पनामातील ॲटेलोपसांचा सांगोपांग आढावा घेतला, तेव्हाही त्यांनी सोनेरी बेडकाला व्हेरियसच्याच छत्राखाली ठेवले. पुढे रसायनशास्त्राने या प्रश्नात लक्ष घातले. या प्रजातीच्या त्वचेत तीव्र विषे असतात, ही गोष्ट १९६९ च्या सुमारास सिद्ध झाली होती. १९७५ मध्ये कोस्टा रिकातील व्हेरियसच्या त्वचेत टेट्रोडोटॉक्सिन, म्हणजे काही जपानी माशांत आढळणारे प्रसिद्ध विष, असल्याचे दाखविण्यात आले. सोनेरी बेडकाच्या त्वचेत याखेरीज एक स्वतंत्र विष होते. त्याला झेटेकीटॉक्सिन असे नाव पडले. त्याची रासायनिक रचना २००४ मध्ये उलगडली, तेव्हा ते सागरी शैवालांमुळे शिंपल्यांत साठणाऱ्या सॅक्सिटॉक्सिनचे सगोत्र ठरले. रंग, विष, क्षेत्र व वर्तन यांतील असे भेद लक्षात घेऊन पुढील अभ्यासकांनी झेटेकीला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. तथापि दोहोंमधील सीमारेषा सर्वांना सारखीच मान्य आहे असे म्हणता येत नाही. पनामात तर काही ठिकाणच्या सोनेरी व्हेरियसलाही लोक ‘राना दोरादा’, म्हणजे सोनेरी बेडूकच म्हणतात.

३

भेदांइतकेच, किंबहुना त्यांहूनही अधिक, या जातींतील साम्य अभ्यसनीय आहे ; कारण त्यांच्या नाशाची वाट या साम्यातूनच गेली.

दोन्ही जातींचे जीवन वाहत्या, स्वच्छ, थंड ओढ्यांशी जखडलेले आहे. नर ओढ्याकाठचा आपला टापू राखून असतात. माद्या बराचसा काळ रानात हिंडून विणीच्या वेळी ओढ्यावर येतात. मादी नरापेक्षा मोठी असते. नर मादीच्या पाठीवर मिठी मारून बसतो, आणि ही मिठी कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे सुटत नाही. मादी वाहत्या पाण्यातील दगडांना चिकटतील अशा फिकट अंड्यांच्या माळा घालते. त्यांतून निघणाऱ्या भैकेरांच्या पोटाला चूषक असतो. त्याच्या साहाय्याने ते प्रवाहात दगडाला घट्ट धरून राहतात व त्यावरील शैवाल खरवडून खातात.

या प्राण्यांना बाह्य कर्णपटल नाही. ओढ्याच्या अखंड खळखळाटात आवाजाने संदेश पोचविणे तसेही दुरापास्त. नर बारीक आवाज काढतो. पण सोनेरी बेडकाने यावर आणखी एक उपाय योजलेला आहे. प्रतिस्पर्धी वा जोडीदार दिसताच तो पुढचा पाय उचलून हवेत हलवितो, जणू हात हालवून खूण करतो. १९९० नंतरच्या दशकात या हस्तसंकेतांचा पद्धतशीर अभ्यास झाला, आणि ते निव्वळ हातवारे नसून त्यांतून अर्थ पोचविला जातो, हे प्रयोगांनी दिसून आले.

भेद मुख्यतः विस्ताराचा होता. व्हेरियसची नोंद कोस्टा रिका व पनामा मिळून शंभराहून अधिक ठिकाणी, समुद्रसपाटीजवळच्या भागापासून सुमारे २,००० मीटर उंचीपर्यंत झालेली होती. झेटेकीचे क्षेत्र त्या मानाने लहान, सुमारे ३३५ ते १,३१५ मीटर उंचीच्या पट्ट्यातील. ज्या काळी दोन्ही जाती विपुल होत्या, त्या काळी हा भेद निव्वळ भौगोलिक तपशिलाचा वाटे. आपत्तीच्या काळात तोच निर्णायक ठरला.

४

ऱ्हासाची पहिली सविस्तर नोंद झाली ती कोस्टा रिकातील मोंतेव्हेर्दे येथे. तेथील लागार्तो नदीच्या काठी ॲलन पाउंड्स व मार्था क्रम्प हे दोघे अभ्यासक १९८० नंतर व्हेरियसच्या वस्तीचे निरीक्षण करीत होते. त्यांचा मूळ विषय ऱ्हास हा नव्हताच. कोरड्या ऋतूत हे बेडूक तुषारांनी ओल्या राहणाऱ्या खडकांभोवती दाटीने जमतात, आणि या दाटीमुळे एका विशिष्ट माशीच्या हल्ल्याला बळी पडतात, असा त्यांच्या अभ्यासाचा रोख होता. ही माशी बेडकाच्या अंगावर अळ्या सोडते व त्या त्याला आतून पोखरतात. १९८७ च्या अतिशय कोरड्या ऋतूत बेडकांची ही दाटी अधिकच वाढलेली आढळली. पुढील वर्षी त्या काठावरून व्हेरियस जवळजवळ नाहीसा झाला. त्याच डोंगरावरील सोनेरी भेक ही एक वेगळी जात. १९८७ मध्ये विणीसाठी तिचे पंधराशेहून अधिक प्राणी पाहिले गेले होते. १९८९ मध्ये त्यांपैकी अवघा एक दिसला, आणि तोच शेवटचा.

या दोन नोंदींचे ऐतिहासिक महत्त्व असे की, ऱ्हासापूर्वीची संख्या तेथे माहीत होती. अन्यत्र बेडूक नाहीसे झाले तेथे ‘पूर्वी पुष्कळ होते’ एवढेच सांगता येई. मोंतेव्हेर्दे येथे आकडे होते. म्हणून तेथील घटना प्रमाण ठरली.

१९९० नंतर कॅरन लिप्स या संशोधिकेला कोस्टा रिकाच्या दक्षिण सीमेवरील लास ताब्लास येथे असाच अनुभव आला. पुढे त्या पनामाच्या पश्चिम भागातील फोर्तूना येथे काम करू लागल्या. १९९६–९७ मध्ये तेथील ओढ्यांकाठी त्यांना मृत व मरणोन्मुख बेडूक आढळले, आणि ऱ्हासाचे प्रेत प्रथमच अभ्यासकाच्या हाती आले. तत्पूर्वी प्राणी नुसते नाहीसे होत. मृत शरीर क्वचितच मिळे. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड आणि मध्य अमेरिका येथील मृत उभयचरांच्या त्वचेत एकच कवक असल्याचे प्रसिद्ध झाले. १९९९ मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातील एका निळ्या विषारी बेडकाच्या त्वचेतून ते वेगळे करून त्याला बॅट्रॅकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस असे नाव देण्यात आले.

या कवकाची बीजुके पाण्यात पोहतात व उभयचरांच्या त्वचेतील शृंगद्रव्ययुक्त थरात शिरून वाढतात. बेडूक त्वचेतून पाणी व क्षार यांची देवघेव करीत असल्याने त्वचेचा बिघाड त्याला प्राणघातक होतो. रक्तातील सोडियम व पोटॅशियम यांचे प्रमाण घसरते आणि अखेर हृदय बंद पडते, असे २००९ मध्ये प्रयोगांनी दाखविले गेले. हे कवक साधारणपणे १७ ते २५ अंश सेल्सिअस तापमानात उत्तम वाढते. थंड डोंगरी ओढ्यांत, दाटीने राहणाऱ्या, पाण्यात अंडी घालणाऱ्या व आठवडेच्या आठवडे एकमेकांना बिलगून राहणाऱ्या जातींना यापेक्षा अधिक घातक शत्रू कल्पिणे कठीण आहे.

५

कारणमीमांसेच्या बाबतीत अभ्यासकांत तीव्र मतभेद झाले. त्यांचा थोडक्यात निर्देश करणे अवश्य आहे. कारण संरक्षणाची दिशा कारणावर अवलंबून असते.

पाउंड्स व क्रम्प यांनी १९९४ मध्ये मोंतेव्हेर्देच्या ऱ्हासाचा संबंध १९८७ च्या कोरड्या व उष्ण हवामानाशी जोडला होता. २००६ मध्ये पाउंड्स व त्यांचे सहकारी यांनी असे मांडले की, तापमानवाढीमुळे डोंगरांतील रात्री उबदार व दिवस ढगाळ झाले, ही स्थिती कवकाला पोषक ठरली, आणि त्यामुळेच ॲटेलोपसच्या सुमारे ११० जातींपैकी दोनतृतीयांश नष्ट झाल्या. याउलट लिप्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखविले की, ऱ्हासाच्या तारखा नकाशावर मांडल्या असता त्यांत एक पुढे सरकणारी लाट दिसते : १९८७ मध्ये मोंतेव्हेर्दे, १९९० नंतर लास ताब्लास, १९९६ मध्ये फोर्तूना, २००४ मध्ये एल कोपे, २००६ मध्ये एल व्हाये. स्थानिक हवामान हे मूळ कारण असते, तर मृत्यूची ही रांग इतक्या शिस्तीने पूर्वेकडे सरकली नसती.

या वादात निर्णायक पुरावा अनपेक्षित ठिकाणाहून आला. दशकांपूर्वी संग्रहालयांच्या बरण्यांत ठेवलेल्या नमुन्यांच्या त्वचेवरून कवकाचे जननद्रव्य शोधण्याची पद्धत २०११ मध्ये यशस्वी झाली. त्यावरून हे कवक १९७० नंतर मेक्सिकोत, १९८० नंतर ग्वाटेमालात आणि १९८७ च्या सुमारास मोंतेव्हेर्दे येथे, म्हणजे ऱ्हासाच्या नेमक्या वेळी, प्रथम आढळते असे दिसून आले. तत्पूर्वी २०१० मध्ये वृक्षांच्या वाढीवरून काढलेल्या शतकभराच्या हवामानाच्या आलेखात मोंतेव्हेर्देचा तो कोरडेपणा एल निनोच्या चढउतारांत बसतो, दीर्घकालीन वाढत्या कोरडेपणाचा तो भाग नाही, असे आढळले होते. ज्या बरण्या एकेकाळी निव्वळ नामकरणासाठी भरल्या गेल्या, त्याच आता साथीच्या इतिहासाचे दप्तर ठरल्या. हवामानाचा काहीच वाटा नव्हता असे यावरून सिद्ध होत नाही. दाटी वाढविणारी अवर्षणे साथीला साह्यकारी झाली असणे शक्य आहे. मात्र मूळ मारेकरी बाहेरून आलेले कवक होते, याविषयी आता फारसा संशय उरलेला नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार या कवकाचे मूळ पूर्व आशियात, बहुधा कोरियन द्वीपकल्पात असून जगभर पसरलेला त्याचा घातक वंश विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळातील आहे. उभयचरांच्या जागतिक व्यापाराबरोबर तो देशोदेशी गेला.

६

लाटेची दिशा व गती कळल्यामुळे इतिहासात क्वचितच लाभणारी एक संधी अभ्यासकांना मिळाली : आपत्ती येण्यापूर्वी तिची वाट पाहणे. एल कोपे येथील राष्ट्रीय उद्यानात लिप्स यांच्या तुकडीने आधीपासून मोजणी चालू ठेवली होती. २००४ च्या सप्टेंबरात तेथे संसर्ग प्रथम आढळला, आणि काही महिन्यांतच मृतांचा खच पडला. पूर्वी ओळखल्या गेलेल्या ६३ जातींपैकी २५ जाती तेथून नाहीशा झाल्या. जननद्रव्याच्या साहाय्याने २०१० मध्ये केलेल्या गणनेत असे आढळले की, नाव मिळण्यापूर्वीच नष्ट झालेल्या आणखी पाच संभाव्य जाती त्यांत होत्या. भैकेर नाहीसे झाल्यामुळे तेथील ओढ्यांतील दगडांवर शैवाल माजले. नदीचे रूपच पालटले.

एल कोपेच्या पूर्वेस एल व्हाये होते, आणि तेथे सोनेरी बेडूक. पनामात या बेडकाचे स्थान अन्य कोणत्याही बेडकाला नाही. प्राचीन कोक्ले संस्कृतीच्या थडग्यांत सोन्याचे घडीव बेडूक सापडतात, आणि हा बेडूक मेल्यावर सोन्याचा होतो, तो बाळगणाऱ्याचे भाग्य उजळते, अशी लोकसमजूत आहे. लॉटरीच्या तिकिटांवर त्याचे चित्र छापले गेले. ही लोकप्रियता त्याला बाधकही झाली : पाळण्यासाठी व शोभेसाठी तो पकडून नेला जाई, आणि एल व्हाये हे हवा खाण्याचे ठिकाण झाल्यावर त्याच्या ओढ्यांभोवतीची जंगले तुटत गेली. परंतु संरक्षणही त्याला लौकर लाभले. १९७५ मध्ये अंमलात आलेल्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात त्याचे नाव घालण्यात आले, आणि १९७६ मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त जातींच्या कायद्याखाली त्याची नोंद झाली. दोन्ही ठिकाणी त्याचे नाव तेव्हा ‘व्हेरियस झेटेकी’ असेच, उपजाती म्हणून घालण्यात आले होते. ज्या काळी विज्ञान त्याला स्वतंत्र जात मानण्यास कचरत होते, त्या काळी कायद्याने त्याला वेगळे काढले होते. त्याच्या बहुरंगी सोयऱ्याला मात्र तेव्हा कोणत्याही यादीत स्थान मिळाले नाही. तो सर्वत्र विपुल होता, म्हणून त्याची चिंता कोणी केली नाही.

१९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पनामा व अमेरिका येथील संस्थांनी ‘सोनेरी बेडूक प्रकल्प’ हाती घेतला. बॉल्टिमोरच्या प्राणिसंग्रहालयात रानातून आणलेल्या बेडकांची पैदास यशस्वी झाली, आणि त्यांची संतती अमेरिकेतील अनेक संग्रहालयांत वाटली गेली. २००६ मध्ये साथ एल व्हायेच्या उंबरठ्यावर आली, तेव्हा ह्यूस्टन प्राणिसंग्रहालयाच्या साह्याने उभारले जात असलेले संवर्धन केंद्र अपुरे होते. त्यामुळे गोळा केलेले बेडूक गावातील एका हॉटेलच्या खोल्यांतून ठेवावे लागले. प्रवाशांसाठी बांधलेल्या खोल्यांत टाक्या मांडून, रोज पाणी बदलून व अंगावरील कवक औषधाने धुऊन एका राष्ट्राचे मानचिन्ह वाचविण्यात आले. त्याच वर्षी ब्रिटिश चित्रपथकाने रानातील सोनेरी बेडकाच्या हस्तसंकेतांचे चित्रण केले, आणि ते २००८ मध्ये प्रसारित झाले. तोपर्यंत ते दृश्य इतिहासजमा होत आले होते. २०१० मध्ये पनामाने १४ ऑगस्ट हा सोनेरी बेडकाचा राष्ट्रीय दिन म्हणून कायद्याने मुक्रर केला. त्याच्या आदल्या वर्षानंतर रानात तो खात्रीने कोणास दिसलेला नाही.

७

व्हेरियसची कथा याच्या नेमकी उलट आहे. कोस्टा रिकात १९९६ नंतर तो नष्ट झाला असे मानले जात होते. २००३ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरील केपोसजवळच्या डोंगरात त्याची एक लहान वस्ती सापडली. २००८ मध्ये लास ताब्लासच्या संरक्षित प्रदेशात तो पुन्हा दिसला. पश्चिम पनामात केलेल्या पाहण्यांतूनही, जेथे कवक आता कायमचे वस्तीस आले आहे अशा ओढ्यांवर, तो टिकून असल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

हे कसे घडले ? कवक सौम्य झाले असावे, असा पहिला तर्क होता. साथीच्या आरंभी गोळा करून गोठवून ठेवलेले कवक आणि नंतरच्या काळातील कवक यांची २०१८ मध्ये तुलना करण्यात आली, तेव्हा दोहोंची मारकता सारखीच आढळली. फरक होता तो बेडकांत : साथीतून वाचलेल्या रानटी व्हेरियसच्या त्वचेतील स्राव कवकाची वाढ अधिक प्रभावीपणे रोखतात, साथ न पाहिलेल्या, बंदिवासातील व्हेरियसचे स्राव तितके प्रभावी नाहीत. म्हणजे शत्रू तोच राहिला, पण वाचलेले वेगळे होते.

येथे विस्ताराचा प्रश्न पुन्हा उपस्थित होतो. व्हेरियस शंभर ठिकाणी, अनेक उंचींवर, उष्ण व थंड अशा निरनिराळ्या ओढ्यांवर पसरलेला होता. बहुतेक वस्त्या नष्ट झाल्या तरी, जेथे हवा कवकाला मानवली नाही किंवा काही प्राण्यांच्या अंगी उपजत प्रतिकार होता, अशी काही ठिकाणे उरण्यास वाव होता. झेटेकीला असा वाव नव्हता. त्याच्या छोट्या टापूवरून लाट काही महिन्यांत पुढे गेली. शिवाय साथीपूर्वी वा साथीच्या तोंडावर बंदिवासात आलेल्या त्याच्या वंशजांनी कवक पाहिलेलेच नाही. त्यांना रोगप्रतिकारक करण्याचे प्रयोग झाले. त्वचेवर राहणाऱ्या उपकारक जंतूंचे लेपन २०११ मध्ये निष्फळ ठरले. २०१४ च्या एका अभ्यासात असे दिसले की, संसर्ग होताच सोनेरी बेडकाचे शरीर जोमाने प्रतिकारास उभे राहते, परंतु कवक तो प्रतिकार दडपून टाकते. आणखी एक अडचण सूक्ष्म आहे : बंदिवासात वाढलेल्या व्हेरियसच्या त्वचेत टेट्रोडोटॉक्सिन आढळत नाही, हे १९९७ मध्येच निदर्शनास आले होते. म्हणजे पेटीत जन्मलेला प्राणी रंगाने जरी पूर्वजांसारखा दिसला, तरी त्या रंगातून शत्रूला दिला जाणारा इशारा पोकळ असू शकतो.

सारांश, एकाला कीर्तीने वाचविले आणि दुसऱ्याला विस्ताराने. कीर्तीमुळे सोनेरी बेडकाला निधी, संग्रहालये व राष्ट्रीय दिन लाभले. पण जगून-मरून प्रतिकार कमावण्याची संधी मात्र लाभली नाही. व्हेरियसला बहुतांश काळ कोणीच वाचविले नाही. त्याचे लक्षावधी प्राणी मेले, आणि जे उरले ते कणखर निघाले. अर्थात यावरून हस्तक्षेप व्यर्थ असतो, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. हॉटेलच्या खोल्यांविना झेटेकी आज फक्त बरणीतील नमुना असता. आणि व्हेरियसलाही पुढे मानवी साह्य घ्यावेच लागले : २०१८ च्या जानेवारीत पनामाच्या कोलोन प्रांतात, तांब्याच्या एका मोठ्या खाणीच्या क्षेत्रात, बंदिवासात वाढविलेले सुमारे ५०० व्हेरियस सोडण्यात आले व त्यांपैकी काहींच्या अंगावर सूक्ष्म प्रक्षेपक बसवून त्यांचा माग काढण्यात आला. त्या खाणीचा करार पनामाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरविला. बेडकाचे भवितव्य कवकाबरोबरच न्यायालये व खाणी यांच्याशीही कसे निगडित आहे, याचे हे बोलके उदाहरण होय.

८

या इतिहासाचे मोल केवळ प्राणिशास्त्रीय नाही. कोस्टा रिका व पनामा येथील जिल्हावार नोंदींचा अभ्यास करून २०२२ मध्ये असे दाखविण्यात आले की, उभयचरांच्या ऱ्हासाची लाट ज्या क्रमाने पुढे गेली, त्याच क्रमाने तिच्यामागून काही वर्षे हिवतापाचे प्रमाणही वाढले. वाढ वर्षाला दर हजारी सुमारे एक रुग्ण इतकी होती. डासांच्या अळ्या खाणारे गेले, डास वाढले. जेम्स झेटेक ज्या हिवतापाच्या शोधात पनामात आले होते, त्याच्या प्रसाराशी त्यांच्या नावाच्या बेडकाच्या सोयऱ्याधायऱ्यांचे असे नाते होते, हे त्यांच्या हयातीत कोणास ठाऊक नव्हते.

जगभरात या कवकामुळे निदान ५०१ उभयचर जातींची संख्या घटली व त्यांपैकी ९० नष्ट झाल्या वा झाल्याचे मानले जाते, असा २०१९ चा हिशेब आहे. दुसऱ्या बाजूस, २०२३ च्या एका आढाव्यानुसार नष्ट मानल्या गेलेल्या ॲटेलोपसच्या तीसहून अधिक जाती पुन्हा आढळल्या आहेत. हे आशेला आधार देणारे असले, तरी पुन्हा आढळणे म्हणजे सावरणे नव्हे. केपोसजवळच्या त्या ओढ्यावरील मूठभर बेडूक आणि १९८० नंतरच्या लागार्तो नदीकाठची दाटी यांची बरोबरी होऊ शकत नाही.

सह्याद्रीच्या अभ्यासकांना हा विषय परका नाही. उत्तर सह्याद्रीतील प्रदेशनिष्ठ व संकटग्रस्त बेडकांत याच कवकाचा संसर्ग असल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्या संशोधनात पुण्यातील संशोधकांचा सहभाग होता. तेथे आढळलेला वंश आशियातील स्थानिक स्वरूपाचा असून पनामासारखी सामूहिक मृत्यूची साथ सह्याद्रीत नोंदली गेलेली नाही. कवक व बेडूक यांचा सहवास येथे पुरातन असणे संभवते, आणि तसे असल्यास ते एक सुदैवच म्हणावे लागेल. परंतु जागतिक व्यापारातून घातक वंश येथेही येऊ शकतो, आणि आल्यास काय गमावले हे सांगण्यासाठी आधीची मोजणी हाताशी असावी लागेल. मोंतेव्हेर्दे येथे ती होती, कारण दोघे अभ्यासक एका माशीच्या प्रश्नामागे लागून वर्षानुवर्षे त्याच नदीकाठी बेडूक मोजीत राहिले होते. एल कोपे येथे ती होती, कारण साथीची वाट पाहिली गेली. पश्चिम घाटातील कितीतरी ओढ्यांची अशी मोजणी अद्याप व्हावयाची आहे, आणि ती साथ येण्यापूर्वीच होऊ शकते.